चौंडीची लेक आणि इंदूरची पालखी



मिरवणूक पाहिली नाहीं असा मनुष्य आपल्या नगर जिल्ह्यांत शोधूनही सांपडणार नाहीं. आषाढी जवळ आली कीं पंढरीच्या वाटेनें दिंड्या जाऊं लागतात. मोहरमांत नगर शहरांतून सवाऱ्या निघतात. आणि पोळ्याच्या दिवशीं शिंगें रंगविलेले बैल वाजतगाजत वेशींतून गांवांत येतात. लोकांस जें प्रिय व पूज्य वाटतें तें ते रस्त्यावर आणितात, आणि कडेला उभा असलेला मनुष्य तें पाहून हे लोक कोण व त्यांचें मोठें माणूस कोण हें ओळखतो.

परदेशांतही ही चाल आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत दर वर्षीं १७ मार्चच्या सुमारास आयरिश लोकांची फार मोठी मिरवणूक निघते. १७६२ सालीं ब्रिटिश सैन्यांत चाकरीस असलेल्या आयरिश शिपायांनीं ती सुरू केली असें सांगतात. पुढें १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून घोर दुष्काळ झाला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं, आणि तितकींच देश सोडून गेलीं. त्यांतील पुष्कळ अमेरिकेंत येऊन राहिलीं, तेव्हां तेथील लोक त्यांस हलके लेखीत व कामावर घेण्यास कुरकुरत. अशा स्थितींत वर्षांतून एक दिवस हिरवा पोषाख करून भर रस्त्यानें मान वर करून चालणें त्यांस अगत्याचें वाटलें. ज्याच्या नांवानें ते चालतात तो पॅट्रिक पांचव्या शतकांतील धर्मोपदेशक होता. तो मूळचा आयरिश नव्हेच. सोळा वर्षांचा असतां लुटारूंनीं त्यास ब्रिटनमधून धरून आयर्लंडांत नेलें, आणि तेथें सहा वर्षें त्यानें गुलामगिरींत जनावरें राखिलीं. पुढें सुटका झाल्यावर ज्या लोकांनीं त्यास गुलाम केलें होतें त्यांच्याचकडे तो उपदेशक होऊन परत गेला. वाद्यांच्या गजरांत उभ्या असलेल्या प्रेक्षकांपैकीं थंडीपावसांत कळपामागें फिरणाऱ्या त्या मुलाची आठवण कितीजणांस होत असेल बरें?

आपल्या मराठी लोकांचीही अशी एक मिरवणूक घरापासून दूर निघते, आणि तिच्यांतील मोठें माणूस तर आपल्याच जिल्ह्याचें आहे. माळव्यांतील इंदूर शहरांत अहिल्याबाई होळकर ह्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्तानें दर वर्षीं पालखी निघते. अठराव्या शतकांत मराठ्यांच्या फौजांबरोबर जे शिलेदार, कारकून व कारागीर दक्षिणेंतून माळव्यांत गेले, त्यांपैकीं पुष्कळांचीं कुटुंबें तेथेंच स्थायिक झालीं. घरांत मराठी व बाजारांत हिंदी असें त्यांचें पिढ्यान्‌पिढ्या चाललें आहे. पालखीच्या दिवशीं हे मराठी लोक आणि त्यांचे हिंदी शेजारी एकत्र चालतात. पालखींत बाईंची प्रतिमा असते, बरोबर भजनी मंडळ्या व चित्ररथ असतात, आणि हा सर्व समुदाय जुन्या राजवाड्याकडे जातो, जेथें चौकांतील बागेंत बाईंचा पुतळा उभा आहे.

पुण्यतिथीची तिथि आपल्या पंचांगाप्रमाणें श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. आपल्या गांवीं शेतकरी बैल धुऊन त्यांच्या खांद्यांस तूप-हळद चोळीत असतो, तेव्हां तिकडे आपल्या जिल्ह्यांतील एका लेकीचें स्मरण चाललेलें असतें. ही लेक कोण होती, आणि पालखींत बसण्याजोगें तिनें काय केलें, हें आपण थोडक्यांत पाहूं.

जामखेड तालुक्यांतील चौंडी ह्या गांवीं ३१ मे १७२५ रोजीं अहिल्येचा जन्म झाला. बाप माणकोजी शिंदे हे गांवचे पाटील, जातीचे धनगर. मुलींस लिहावयास शिकविण्याची चाल त्या काळीं नव्हती, तरी माणकोजींनीं मुलीस अक्षरओळख करून दिली. ती सात-आठ वर्षांची असतां मल्हारराव होळकर ह्या मार्गानें जात होते. त्यांनीं मुलीस देवळांत पाहिलें, तिची वागणूक त्यांच्या मनास आली, आणि त्यांनीं आपल्या खंडेराव ह्या मुलासाठीं तिला मागणी घातली, असें परंपरेनें सांगतात. १७३३ सालीं लग्न झालें. मल्हाररावांनीं स्वतः लहानपणीं मेंढरें राखिलीं होतीं, आणि तेथून ते पेशव्यांचे मोठे सरदार व माळव्याचे सुभेदार झाले होते. तेव्हां पाटलाच्या पोरीस सून करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

अहिल्याबाईंस मालेराव हा मुलगा व मुक्ताबाई ही मुलगी झाली. खंडेरावांचें लक्ष राज्यकारभारांत फारसें नसे. मार्च १७५४ मध्यें, भरतपूरच्या जाटांच्या कुंभेर किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असतां, तोफेचा गोळा लागून ते ठार झाले. बाईंचें वय तेव्हां अठ्ठावीस. त्या काळच्या रूढीस अनुसरून त्या सती जावयास निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनीं त्यांची विनवणी केली. मुलगा तर गेलाच, आतां सूनही गेली तर आपणांस व ह्या राज्यास आधार कोणाचा, असें त्यांनीं डोळ्यांत पाणी आणून विचारलें. बाईंनीं सतीचा विचार सोडला. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिची आठवण पुन्हां करावी लागणार आहे.

त्यानंतर बारा वर्षें सासऱ्यांनीं सुनेस कारभार शिकविला. मल्हारराव बहुधा स्वारीवर असत. मागें वसूल, पत्रव्यवहार, फौजेची रसद, हें सारें बाई पाहत. १७६५ सालचीं त्यांचीं सुनेस लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत कोठें मुक्काम करावा, तोफखाना कसा ठेवावा, दारूगोळ्याची तजवीज कशी करावी, अशा आज्ञा आहेत. जी माहिती अनुभवी सरदारास द्यावयाची ती ते सुनेस देत होते, ह्यावरून त्यांचा तिच्यावर केवढा भरंवसा होता हें दिसतें.

२० मे १७६६ रोजीं मल्हारराव वारले. गादी नातवाकडे, म्हणजे मालेरावाकडे गेली. पण त्याचें चित्त ठिकाणावर नव्हतें, आणि एप्रिल १७६७ मध्यें, वयाच्या सुमारें बाविसाव्या वर्षीं तोही मेला. नवरा, सासरा व मुलगा अशीं तिन्ही माणसें गेलीं, आणि घरांत कर्ता पुरुष उरला नाहीं. अशा वेळीं विधवेच्या घरावर लोकांचे डोळे कसे फिरतात हें आपण आपल्या गांवांतही पाहतों. होळकरांचा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यानें बाईंस सुचविलें कीं, एखादें लहान मूल दत्तक घ्यावें व कारभार आपल्यावर सोंपवावा. बाईंनीं तें नाकारलें. तेव्हां त्यानें पेशव्यांचे चुलते राघोबादादा ह्यांशीं संधान बांधलें, आणि दादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले.

बाई घाबरल्या नाहींत. त्यांनीं शेजारच्या सरदारांस पत्रें लिहिलीं, आपली फौज सज्ज केली, आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपला न्याय मागितला. राघोबादादांस त्यांनीं निरोप पाठविला, त्याचा आशय असा सांगतात कीं, लढाईंत आपण हरलों तर बाईमाणूस हरली एवढेंच होईल. परंतु दादा हरले तर त्यांस जगांत तोंड दाखवितां येणार नाहीं. इकडे माधवरावांनींही बाईंचाच पक्ष उचलून धरिला. दादांनीं मग आपण मालेरावाच्या दुखवट्यासाठीं आलों असें सांगून वेळ मारून नेली. बाईंनींही तें खरें मानून त्यांचा पाहुणचार केला. असा हा प्रसंग रक्ताचा थेंब न सांडतां टळला. फौजेचा भार बाईंनीं तुकोजी होळकर ह्या विश्वासू सरदाराकडे दिला. मुलकी कारभार आपल्याकडे ठेविला. १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारें अठ्ठावीस वर्षें, ही व्यवस्था चालली.

बाईंनीं नर्मदेच्या कांठीं महेश्वर हें गांव राजधानीसाठीं निवडलें. तेथें घाट बांधिले, बाहेरून विणकर आणून वसविले, आणि त्यांच्या मागांवरचीं लुगडीं पुढें महेश्वरी ह्या नांवानें देशभर प्रसिद्ध झालीं. स्वतः बाई मात्र विधवेच्या पांढऱ्या वस्त्रांत साध्या घरांत राहत. त्यांचा दिनक्रम स्कॉटलंडचे जॉन माल्कम ह्या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यानें, बाईंच्या पश्चात् एका पिढीच्या आंत, त्यांस पाहिलेल्या माणसांकडून विचारून घेतला व १८२३ सालीं आपल्या ग्रंथांत छापिला. त्याप्रमाणें त्या पहांटेच्या आधीं उठत, पूजा व पुराणश्रवण करीत, दानधर्म करीत व साधें जेवण घेत. दुपारीं सुमारें दोन वाजतां दरबारांत बसत, त्या दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळची उपासना व फराळ झाल्यावर रात्रीं पुन्हां कामास बसून अकरा वाजेपर्यंत कारभार पाहत. दरबार उघडा असे. त्या पडद्यांत राहत नसत. फिर्याद घेऊन आलेल्याचें बोलणें त्या स्वतः ऐकत, आणि फिर्याद लहान आहे म्हणून परत पाठवीत नसत.

त्या काळीं निपुत्रिक मनुष्य मेला म्हणजे त्याच्या द्रव्यावर सरकारची दृष्टि जाई. सिरोंज येथें एक सावकार मेला. त्याच्या विधवेस मूल दत्तक घ्यावयाचें होतें, पण तेथील अधिकारी परवानगीसाठीं मोठी रक्कम मागूं लागला. ती बाई मूल घेऊन महेश्वरास आली. अहिल्याबाईंनीं त्या अधिकाऱ्यास कामावरून दूर केलें, मुलास मांडीवर घेतलें, वस्त्रें व दागिने दिले, आणि एक पैही न घेतां दत्तविधानास मान्यता दिली. खरगोण येथील दोन विधवांनीं तर आपण होऊन आपलें सर्व धन बाईंस देऊं केलें. तें त्यांनीं घेतलें नाहीं, लोकोपयोगी कामांत खर्च करावें अशी मसलत दिली.

डोंगरांतील भिल्ल वाटसरूंस लुटीत असत. बाईंनीं प्रथम त्यांस समजाविलें, मग कांहीं पुढाऱ्यांस कडक शिक्षा केल्या, आणि शेवटीं त्यांच्या जुन्या हक्काचा विचार केला. डोंगरांतून जाणाऱ्या मालावर भीलकवडी नांवाचा अल्प कर घेण्याचा त्यांचा हक्क त्यांनीं कायम केला, पडीक जमिनी कसण्यास दिल्या, आणि त्याबद्दल आपापल्या हद्दींतील वाटेची राखण व चोरीची भरपाई त्यांच्यावर सोंपविली. वाटमारे होते तेच वाटेचे राखणदार झाले.

त्यांच्या दानधर्माची कीर्ति सर्व हिंदुस्थानांत आहे. १७८० सालीं काशीचें विश्वनाथाचें देऊळ त्यांनीं पुन्हां बांधविलें. सोमनाथ, गया, केदार, रामेश्वर अशा दूरदूरच्या स्थळीं देवळें, घाट, विहिरी व धर्मशाळा उभारिल्या. हा खर्च त्या आपल्या खासगी उत्पन्नांतून करीत. रयतेच्या वसुलाचा पैसा राज्याच्या कामास, खासगीचा पैसा धर्मास, असे दोन हिशेब त्यांनीं निराळे ठेविले होते. उन्हाळ्यांत वाटेवर पाणपोया घालीत. थंडींत गरिबांस व चाकरांस उबदार कपडे देत. महेश्वराजवळ औत हांकणाऱ्या शेतकऱ्यास बाईंचा चाकर येऊन थांबवी व त्याच्या बैलांस पाणी पाजी. पिकावर बसणाऱ्या पांखरांस शेतकरी हांकून देतात, त्यांस कोठें तरी पोटभर दाणा मिळावा म्हणून त्यांनीं कांहीं शेतें उभ्या पिकासह विकत घेऊन मोकळीं सोडिलीं होतीं.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ह्या देवळांत आमच्यापैकीं पुष्कळांच्या आजा-पणजांस पाऊल टाकतां येत नव्हतें. अस्पृश्यतेची रूढि त्या काळीं सर्वत्र होती, आणि ती मोडल्याचें बाईंच्या चरित्रांत कोठें आढळत नाहीं. थोर माणसेंही आपल्या काळाच्या कुंपणांत राहतात. तें कुंपण खुद्द त्यांच्याच घरांत त्यांस कसें बोचलें हें आतां सांगावयाचें आहे.

मुक्ताबाई ही बाईंचें उरलेलें एकच अपत्य. तिचें लग्न यशवंतराव फणसे ह्यांशीं झालें होतें. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा फार लाडका; तो तरुणपणींच मेला. त्यानंतर सुमारें एका वर्षानें, १७९१ सालीं, यशवंतरावही महेश्वरीं वारले, आणि मुक्ताबाई सती जावयास निघाली. अहिल्याबाई राज्याच्या स्वामिनी होत्या. पण त्या दिवशीं त्यांनीं हुकूम केला नाहीं, मुलीच्या पुढें जमिनीवर पडून याचना केली. आपणांस ह्या जगांत एकटें टाकूं नको, असें त्या पुन्हां पुन्हां म्हणाल्या. मुलीनें शांतपणें सांगितलें कीं, आई आतां म्हातारी झाली, तिचें आयुष्य लौकरच सरेल. आपला नवरा व मुलगा गेले, आणि आई गेल्यावर एवढें मोठें आयुष्य कोणासाठीं कंठावें?

सदतीस वर्षांपूर्वीं मल्हाररावांनीं हीच विनवणी केली होती, तेव्हां सून थांबली होती. ह्या वेळीं मुलगी थांबली नाहीं. मग बाई त्या मिरवणुकीबरोबर चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनीं त्यांचे दोन्ही हात धरले होते. जाळ उठतांच त्यांचा धीर सुटला. त्या किंकाळ्या फोडूं लागल्या, आणि हात सोडवितां येईनात म्हणून आपलेच हात दांतांनीं चावूं लागल्या. नंतर त्यांनीं नर्मदेंत स्नान केलें व घरीं जाऊन तीन दिवस अन्न जवळजवळ वर्ज्य केलें. कोणाशीं एक शब्दही बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवसानंतर त्या पुन्हां कामास लागल्या. ज्या रूढीनें त्यांची लेक नेली ती इंग्रजी मुलखांत कायद्यानें बंद होण्यास १८२९ साल उजाडावें लागलें.

वाचकहो, अशा बाईंस स्तुति रुचत नसे ह्यांत नवल तें काय? एका पंडितानें त्यांच्या स्तुतीचा एक ग्रंथ रचून आणिला व दरबारांत वाचून दाखविला. बाईंनीं तो शेवटपर्यंत शांतपणें ऐकून घेतला. नंतर, आपण दुर्बळ व पापी बाई, इतक्या वर्णनास योग्य नाहीं, असें म्हणून तो ग्रंथ नर्मदेंत टाकण्याची आज्ञा केली, आणि ग्रंथकाराची पुढें दखलही घेतली नाहीं.

१३ ऑगस्ट १७९५ रोजीं, सत्तर वर्षांच्या होऊन, त्या महेश्वरीं वारल्या. पुढें होळकरांच्या घरांत कलह माजला, लढाया झाल्या, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली. बाईंच्या काळांत वाढीस लागलेलें तें व्यापारी गांव आज मोठें शहर आहे. तेथील विद्यापीठास त्यांचें नांव आहे, आणि २०२४ सालीं आपल्या नगर जिल्ह्यासही अहिल्यानगर हें नांव मिळालें. ज्या बाईंनीं स्तुतीचा ग्रंथ नदींत बुडविला त्यांच्या नांवाच्या पाट्या आतां हमरस्त्यावर लागल्या आहेत.

म्हणून पालखी काढूं नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. परमुलखांत राहणारा मनुष्य आपल्या मोठ्या माणसाचें नांव घेऊन रस्त्यानें चालतो तेव्हां त्याच्या मुलांस आपण कोण हें कळतें, मग तो न्यूयॉर्कचा आयरिश असो कीं इंदूरचा मराठी असो. पण रस्त्याच्या कडेला उभें राहून पाहणाऱ्यानें पालखीमागचें तें घर ओळखावें, जेथें रात्रीं अकरापर्यंत दिवा जळत होता.

आपल्या खेड्यांत पालखी नाहीं, चित्ररथही नाहींत. तरी मंडळीचा पैसा व घरचा पैसा ह्यांचे दोन हिशेब निराळे ठेवणें आपल्या हातांत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे चोळतांना वर्षभर त्यांस वेळेवर पाणी मिळालें कीं नाहीं, हें स्वतःस विचारतां येतें. आणि एखादी विधवा आपल्या जमिनीचें किंवा घराचें गाऱ्हाणें घेऊन दारीं आली, तर उद्यां ये असें न म्हणतां तिला बसावयास द्यावें, आणि तिचें बोलणें संपेपर्यंत ऐकावें. चौंडीच्या लेकीनें अठ्ठावीस वर्षें रोज तेंच केलें.